कोकणात रोज चालणाऱ्या पिकअपसाठी सस्पेन्शन कसं निवडावं

फोर बाय फोर पिकअप घेतली की महिन्याभरात दोन तक्रारी सुरू होतात. हौदा रिकामा असला की मागची बाजू प्रत्येक गतिरोधकावर उधळते. आणि हौदा भरला की मागचं बसतं, हेडलाइट माडाच्या शेंड्यांवर पडतात. मग कुणीतरी सांगतं, "दोन इंचाची लिफ्ट टाकून घे, सगळं ठीक होईल."

होत नाही. पहिली तक्रार पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) कडकपणाची आणि शॉकअपची आहे, दुसरी वजनाची. लिफ्ट म्हणजे गाडीची उंची वाढवणं, आणि उंचीचा दोन्हींशी थोडाच संबंध. म्हणून या लेखात लिफ्टचा विषय चौथ्या पायरीवर येतो, त्याआधी वजनकाटा आणि सिमेंटच्या गोण्या येतात. ज्यांची गाडी सकाळी शाळा-बाजार करते, दुपारी कलमांच्या बागेत जाते, आठवड्यातून एकदा माल घेऊन घाट चढते आणि पावसाळ्यात व्हाळातून (ओढ्यातून) निघते, त्यांच्यासाठी हे आहे.

१. आधी बिनपैशाचे उपाय करा

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर टायरमधल्या हवेचा स्टिकर असतो. त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे बहुतेक वेळा वेगळे दिलेले असतात. पंपावर मात्र चारही चाकांत सरसकट भरलेल्या गाडीची हवा मारली जाते, आणि रिकामी पिकअप बैलगाडीसारखी चालायला लागते. स्वतःचा गेज घ्या आणि सकाळी टायर थंड असताना स्टिकरप्रमाणे हवा ठेवा. आठवडाभर तशीच चालवून बघा. "सस्पेन्शन कडक आहे" म्हणणाऱ्या बऱ्याच गाड्यांचं दुखणं इथेच संपतं.

मग गाडी रॅम्पवर घ्या आणि खालून बघा:

- लोअर आर्मचे बुश (सांध्यातल्या रबरी नळ्या). रबराला तडे आहेत का, पहार लावून हलवल्यावर आर्म सरकतो का.
- बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड. रबरी टोपी फाटली असेल तर आत पाणी आणि लाल माती गेलीच म्हणून समजा.
- शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या पट्टीचे) बुश आणि पिना.
- स्टॅबिलायझर लिंक. खड्ड्यात पुढून "टक-टक" येते ती बऱ्याचदा इथूनच.
- पाट्यांपैकी एखादा चिरलेला आहे का. चीर बहुधा सेंटर बोल्टच्या (पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या) भोकापाशी किंवा यू-बोल्टच्या (पाटे धुऱ्याला आवळणाऱ्या) कडेला असते. मातीखाली ती दिसत नाही, म्हणून आधी धुऊन घ्या.

बुश गेलेल्या गाडीत महागडे शॉकअप टाकले तरी गाडी वळणावर तशीच हेलकावते.

ही तपासणी दसऱ्यानंतर करणं सगळ्यात बरं. पावसाने जे मोडायचं ते मोडलेलं असतं, चिखल वाळलेला असतो, आणि आंब्याच्या हंगामाला चार-पाच महिने हातात असतात. जून ते सप्टेंबर या कामाला हात घालू नका. ओल्या खड्ड्यांच्या रस्त्यावर नव्या सस्पेन्शनची नीट चाचणी घेता येत नाही.

२. गाडी मोजा

लागणारं साहित्य: मेजरिंग टेप, मार्किंग टेप, वही, सिमेंटच्या ५० किलोच्या ४ गोण्या आणि जवळचा वजनकाटा. चिरेखाणी आणि वाळू-खडीच्या डेपोंच्या आसपास काटा सापडतो.

काट्यावर तीन वजनं घ्या: पूर्ण गाडी, फक्त पुढची चाकं, फक्त मागची चाकं. काट्यालगतची जमीन काट्याच्या पातळीत हवी, नाहीतर एका बाजूचं वजन खोटं येतं. पुढचं आणि मागचं मिळून पूर्ण वजनाशी जुळलं पाहिजे, दहा-वीस किलो इकडे-तिकडे चालेल. हे तुमच्या नेहमीच्या अवस्थेत करा. कॅनोपी असेल तर कॅनोपीसकट, अवजारांची पेटी असेल तर तिच्यासकट, टाकी भरलेली. कंपनीच्या पत्रकातलं वजन इथे उपयोगाचं नाही. तुमची गाडी किती वजनाची आहे, हे कळायला हवं.

आता उंची. सपाट फरशीवर गाडी उभी करा, थोडी पुढे-मागे करून सस्पेन्शन बसू द्या. चारही ठिकाणी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मापा. जमिनीपासून मापू नका, टायरमधल्या हवेने आकडा बदलतो. डाव्या-उजव्यात १० मि.मी.हून जास्त फरक असेल तर एका बाजूचा पाटा किंवा स्प्रिंग बसलेली आहे.

यानंतरचं मोजमाप फारसं कुणी करत नाही आणि निवड तर त्यावरच ठरते. मागच्या अ‍ॅक्सलपासून बंप स्टॉपच्या रबरापर्यंत (चाक वर जाताना चेसिसवर आपटू नये म्हणून लावलेला ठोकळा) किती जागा आहे ते मापा. मग सिमेंटच्या ४ गोण्या बरोबर अ‍ॅक्सलच्या वर हौद्यात ठेवा. दाराकडे नाही आणि केबिनकडेही नाही, अ‍ॅक्सलवर. परत मापा.

समजा रिकाम्या गाडीत ती जागा ९० मि.मी. होती आणि २०० किलो ठेवल्यावर ५० उरली. म्हणजे गाडी ४० मि.मी. बसली. दोन्ही बाजूंचे पाटे मिळून कडकपणा झाला मि.मी.ला ५ किलो. आता हंगामात तुम्ही मागे ३५० किलो टाकत असाल तर गाडी ७० मि.मी. बसणार, आणि बंप स्टॉपपर्यंत उरणार २० मि.मी., म्हणजे जेमतेम अंगठ्याच्या रुंदीइतकं. एवढ्या जागेत महामार्गाच्या सर्व्हिस रोडवरचा साधा खड्डाही मावत नाही. "भरल्यावर मागून धाडकन आपटते" ही तक्रार यातूनच येते.

हाच हिशेब उलटाही करा. ३५० किलोला ७० ऐवजी ५०च मि.मी. बसावी असं वाटत असेल तर कडकपणा ७ किलो हवा. तो आजच्यापेक्षा ४० टक्क्यांनी जास्त आहे, आणि ते ४० टक्के रिकाम्या गाडीत रोज तुमच्या पाठीला जाणवणार आहेत.

म्हणून वहीत आणखी एक ओळ लिहा: आठवड्यातले किती दिवस, किती किलो. पाच दिवस रिकामी आणि दोन दिवस ३०० किलो असेल, तर पाटे पाच दिवसांसाठी निवडायचे आणि दोन दिवसांची सोय वेगळी करायची. वजन अंदाजाने लिहू नका. चिरा असो, बर्फासकट मासळीचा क्रेट असो की आंब्याची पेटी, एक नग काट्यावर ठेवा आणि गुणाकार करा. पाण्याची २०० लिटरची टाकी म्हणजे २०० किलो. ही तर सगळे विसरतात.

३. खाली काय बसवलंय ते ओळखा

इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्सला पुढे डबल विशबोन (वर-खाली दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे अखंड अ‍ॅक्सलवर पाटे. टाटा झेनॉनसारख्या जुन्या गाडीला पुढे कॉइलच्या जागी टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी लांब सळई. मालवाहू पिकअपच्या काही मॉडेलांत पुढेही पाटेच असतात. तुमच्या गाडीला नेमकं काय आहे ते स्वतः वाकून बघा, कारण किट त्यावर ठरतं.

टॉर्शन बारवाल्यांना एक सूचना. बारचा बोल्ट आवळला की पुढून गाडी उचलली जाते आणि "फुकटची लिफ्ट" मिळाली असं वाटतं. त्याने बार कडक होत नाही, फक्त चाकाचा खाली जाण्याचा प्रवास कमी होतो. मग गतिरोधकावरून उतरताना चाक खाली जाऊ पाहतं, आर्म खालच्या प्रवासाच्या स्टॉपवर आपटतो आणि ड्राइव्ह शाफ्टचा सांधा तिरका होऊन लवकर झिजतो. बसलेली गाडी मूळ उंचीला आणायला हा बोल्ट आहे. त्यापुढे त्याला हात लावू नका.

४. उंची: किती आणि कशाला

सस्पेन्शनची लिफ्ट गाडीचं अंग उचलते, मागचा अ‍ॅक्सल उचलत नाही. मागच्या डिफरन्शियलचं (मधल्या गिअरच्या गोळ्याचं) पोट जमिनीपासून जेवढं होतं तेवढंच राहतं. ते अंतर वाढवायला टायर मोठा लागतो, आणि टायरचा व्यास ३० मि.मी.ने वाढला तर पोट १५ मि.मी.नेच उचललं जातं. पाणंदीच्या मधल्या उंचवट्यावर किंवा सड्यावरच्या कातळावर आपटतो तो बहुधा हाच गोळा. म्हणजे लिफ्टचे पैसे देऊनही तो आपटायचा थांबत नाही.

मग लिफ्टचा फायदा कुठे? पुढचं-मागचं टोक टेकतं तिथे. दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळच्या फेरीबोटीत ओहोटीच्या वेळी चढताना रॅम्प उभा होतो आणि मागचा हुक घासतो. पिकअपला मागचं लांबण जास्त असल्याने हे तिला जास्त भोवतं. व्हाळाच्या काठावरून वर येतानाही तसंच. या कामाला ३० ते ४० मि.मी. पुरेत.

४० मि.मी.पर्यंत मूळचे वरचे आर्म, ड्राइव्ह शाफ्ट आणि ब्रेकचे होज बहुतेक गाड्यांत निभावून जातात. ५०च्या पुढे गेलात की वेगळे अपर आर्म, लांब ब्रेक होज आणि प्रोपेलर शाफ्टच्या (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याच्या) सेंटर बेअरिंगला पॅकिंग अशी यादी वाढत जाते. गाडीचा गुरुत्वमध्यही वर जातो. करूळ किंवा आंबोलीच्या वळणांवर भरलेल्या हौद्यासकट तो जाणवतो. रोजच्या गाडीला ५०च्या पुढे जायचं काही कारण नाही.

इथे तीन स्वस्त सापळे आहेत.

पहिला, पुढच्या स्ट्रटवरची (स्प्रिंग-शॉकअपच्या जोडीवरची) चकती. स्प्रिंग आर्मच्या मधोमध बसलेली असते, चाक आर्मच्या टोकाला. त्यामुळे २५ मि.मी.ची चकती टाकली की चाकापाशी गाडी ४० ते ५० मि.मी. उचलली जाते. दुकानदार "फक्त एक इंच" म्हणून विकतो आणि गाडी दोन इंच वर जाते. शॉकअप मात्र तोच, तेवढ्याच लांबीचा.

दुसरा, मागे अ‍ॅक्सल आणि पाट्यांमध्ये लोखंडी ठोकळा. एक कारखान्याचा ठोकळा ठीक. त्यावर दुसरा रचला की जोरात ब्रेक किंवा पहिल्या गिअरमध्ये चढ आला की अ‍ॅक्सल गुंडाळल्यासारखा फिरतो, पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात. पुढे पाटे असलेल्या गाडीत पुढे तर ठोकळा कधीच नको.

तिसरा, लांब शॅकल. ५० मि.मी.ने जास्त लांब शॅकलने गाडी त्याच्या निम्मी, २५ मि.मी. उचलली जाते, पण अ‍ॅक्सल तिरका होऊन शाफ्टला थरथर येते.

पुळणीवर गाडी चालवायची म्हणून लिफ्ट हवी, असंही कारण ऐकू येतं. अनेक किनाऱ्यांवर गाडी नेण्याला मनाई आहे, आणि वेळास, आंजर्ल्यासारख्या ठिकाणी वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात. हे कारण यादीतून काढून टाका.

५. मागचे पाटे

चार पर्याय आहेत.

*एक पाटा वाढवणं.* गावोगावचे पाटेवाले हे तासाभरात करतात. वजन रोजच असेल तर हा पर्याय चांगला. पण छोटा, जाड, एकच पाटा घातला तर सगळा ताण त्याच्या टोकापाशी वरच्या पाट्यावर येतो आणि वरचा तिथेच तुटतो. पाटा लांब आणि बाकीच्यांएवढ्याच जाडीचा घ्या, टोकं घासून निमुळती केलेली असावीत.

*जुन्या पाट्यांना कमान चढवणं.* ठोकून कमान आणलेला पाटा काही महिन्यांत पुन्हा बसतो. विकायच्या गाडीला ठीक आहे.

*नवा पूर्ण संच.* ओल्ड मॅन इमू, आयर्नमॅन यांसारख्या कंपन्या एकाच गाडीसाठी वजनानुसार वेगवेगळे संच देतात. उदाहरणार्थ रिकाम्या गाडीला एक, कायम २००–३०० किलो नेणाऱ्या गाडीला दुसरा. इथे तुमची वही बाहेर काढा. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे "मजबूत घेऊन ठेवू" म्हणून वरचा संच घेणं. रिकाम्या गाडीत तो वाकतच नाही, चाक खड्ड्यातून उडतं आणि ओल्या रस्त्यावर मागचं चाक ब्रेकला सरकतं. रोज रिकामी चालणाऱ्या गाडीला हलका संच घ्या आणि त्यात खालचा मदतीचा पाटा किती मि.मी. बसल्यावर लागतो ते विचारा. तो वजन पडल्यावरच लागला पाहिजे.

*एअर बॅग (पाट्यांना आधार देणारी हवेची पिशवी) किंवा रबरी हेल्पर.* दोन दिवसांच्या वजनासाठी वेगळी सोय म्हणतात ती ही. रबरी हेल्पर बंप स्टॉपच्या जागी बसतो, त्यात फुटण्यासारखं काही नसतं, आपल्याकडच्या चिखल-चिऱ्याला तो बरा. एअर बॅगमध्ये हवा कमी-जास्त करता येते, पण सगळा भार चेसिसच्या एकाच बिंदूवर येतो. हौद्याच्या शेवटाला वजन, वर खराब रस्ता आणि बॅग फुगवलेली असली की चेसिस तिथून वाकू शकते. बॅग घेतलीत तरी वजन आरसीच्या मर्यादेतच आणि अ‍ॅक्सलच्या पुढे-मागे सारखं ठेवा.

आणि एक गोष्ट स्पष्ट. पाटे कितीही जाड टाकले तरी आरसीवरचं एकूण वजन वाढत नाही. ब्रेक, अ‍ॅक्सल, बेअरिंग तेच असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये, शिवाय माल उतरवून घ्यावा लागतो तो वेगळाच.

६. शॉकअप

पैसे मर्यादित असतील तर सगळे इथे घाला. मूळचे पाटे आणि चांगले शॉकअप ही जोडी रोजच्या वापराला बहुतेकांना पुरते.

जुना शॉकअप गेलाय का हे बोनेट दाबून कळत नाही. खराब रस्त्यावरून १५–२० किलोमीटर या, थांबा आणि लगेच चारही शॉकअपच्या अंगाला हाताची मागची बाजू जवळ न्या. सायलेन्सर आणि ड्रमपासून हात जपा. चालू शॉकअप गरम लागतो, कारण खड्ड्यांची ताकद तो तेल घुसळून उष्णतेत घालवतो. तिघं गरम आणि एक थंड असेल तर तो थंडवाला काम करत नाहीये. अंगावर तेलाचा ओघळ दिसला तर मग तपासण्याचीही गरज नाही.

नव्यात दोन जाती आहेत. दुहेरी नळीचा, म्हणजे आत एक नळी, बाहेर दुसरी आणि मध्ये तेलाचा साठा. एकेरी नळीचा, म्हणजे एकच मोठी नळी, तळाशी दाबाखाली वायू. एकेरी नळी थंड लवकर होते आणि लांबच्या खडबडीत रस्त्यावर तिची पकड टिकते. पण चिऱ्याचा दगड उडून नळीला पोचा पडला की आतला पिस्टनच अडकतो. दुहेरी नळीत पोचा बाहेरच्या नळीला पडतो आणि आतलं काम चालू राहतं. रोजची गाडी आणि जांभ्याच्या वाटा असतील तर दुहेरी नळीचा, वायू भरलेला शॉकअप घ्या. सगळा वापर लांब, वेगाने, खराब रस्त्यावर असेल तरच एकेरी.

लांबी बघूनच घ्या. शॉकअप पूर्ण दाबला गेला तरी बंप स्टॉप त्याच्याआधी लागला पाहिजे. उलट झालं तर प्रत्येक मोठा खड्डा शॉकअप स्वतःच्या तळावर झेलतो आणि महिन्या-दोन महिन्यांत सील जातं. ४० मि.मी. लिफ्ट असेल तर त्या लिफ्टसाठीच दिलेला शॉकअप हवा. मूळ लांबीचा ठेवला तर खाली जाताना तो ताणून अडकतो.

किनाऱ्यालगत आणखी एक बघा. पिस्टनचा चकचकीत दांडा उघडा आहे की झाकलेला? खारट वारा आणि लाल माती मिळून दांड्यावर बारीक खड्डे पाडतात, ते सील फाडतात आणि तेल गळू लागतं. लोखंडी किंवा प्लास्टिकचं अर्धं कवच असलेला बरा. रबरी घडीदार बूट दिसायला छान, पण आत पाणी साठलं की दांडा बुटातच गंजतो. असा बूट असेल तर खालच्या बाजूला पाणी निघायला भोक आहे याची खात्री करा.

बुशबद्दल थोडक्यात: रबर घ्या. पॉलीयुरेथेन टिकाऊ असतं, पण त्याला ठरावीक काळाने सिलिकॉन ग्रीस लागतं. एका पावसाळ्यात ते धुऊन जातं आणि गाडी करकरत गावभर फिरते.

७. कागद आधी बघा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीतली माहिती कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४) प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून मूळ उंचीच्या जवळ राहणं सोपं पडतं. उंची बदलणार असाल तर पैसे देण्याआधी तुमच्या आरटीओत लेखी विचारा, एमएच-०६, ०७ किंवा ०८ जे असेल तिथे. पिवळ्या पाटीची गाडी फिटनेसला जाते, तिथे खालून बघितलं जातं.

पुढे जाड लोखंडी बंपर लावायचा विचार असेल तर तोही सोडा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने अशा गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं आहे. शिवाय पुढचं वजन वाढलं की पुढच्या स्प्रिंगचा हिशेब नव्याने करावा लागतो.

हाताशी ठेवायचे कागद:

- आरसी. त्यावरचं रिकामं वजन आणि एकूण वजन वहीत उतरवा, दोघांतला फरक म्हणजे तुमची खरी मर्यादा. गाडीत बसणारी माणसंही त्यातच येतात.
- विम्याची प्रत. बदल विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच ठेवा.
- वॉरंटीचं पुस्तक. सस्पेन्शन बदलल्यावर कुठल्या भागांची वॉरंटी जाते ते शोरूमकडून लेखी घ्या.
- प्रत्येक भागाचा नंबर लिहिलेलं पक्कं बिल.

८. बिलात काय काय हवं

"पूर्ण किट" या शब्दावर जाऊ नका. नगाप्रमाणे लिहून घ्या: पुढचे शॉकअप २, पुढच्या स्प्रिंग २, मागचे शॉकअप २, पाट्यांचे संच २, बुश आणि शॅकल पिनांसकट. यू-बोल्ट ४, नवे. जुने यू-बोल्ट एकदा ताणले गेले की परत तोच ताण धरत नाहीत. सेंटर बोल्ट २. अलाइनमेंटचे कॅम बोल्ट ४, आणि हे मागवायला विसरू नका.

का, ते बघा. लोअर आर्मच्या आतल्या टोकाला मधोमध न बसवलेल्या चकतीचे बोल्ट असतात, ते फिरवून कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा पुढे-मागे कल) जुळवतात. किनाऱ्यावर तीन-चार वर्षं फिरलेल्या गाडीत हा बोल्ट बुशच्या लोखंडी नळीत गंजून चिकटतो. बाहेरून नट सैल होतो, बोल्ट मात्र हलत नाही. मग तो कापावा लागतो, बुशही जातो, आणि भाग मिळेपर्यंत गाडी रॅम्पवर अडकते. आधीच मागवलेले बोल्ट आणि बुश असतील तर तेच काम त्याच दिवशी संपतं.

९. बसवण्याचा दिवस

दोन दिवस आधीपासून सगळ्या बोल्टांवर सकाळ-संध्याकाळ गंज सोडवणारा स्प्रे मारा. गॅरेज निवडताना स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं अवजार) आणि टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळणारा पाना) आहे का ते डोळ्यांनी बघा. पुढची कॉइल दाबलेल्या अवस्थेत माणूस मारण्याइतकी ताकद धरून असते. दोरी किंवा साखळी बांधून ती काढणारं गॅरेज नको. दुसऱ्या गावी जावं लागलं तरी जा.

काम चालू असताना उभं राहून या गोष्टी बघा:

- बुशमधून जाणारे बोल्ट शेवटचे कधी आवळतात? गाडी जमिनीवर, चाकांवर वजन असताना आवळले पाहिजेत. जॅकवर लटकत असतानाच आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्ष संपायच्या आत फाटतं. घाईत सगळ्यात जास्त हीच चूक होते.
- यू-बोल्टचे चार नट आलटून-पालटून, टॉर्क रेंचने. एअर गनने शेवट करू देऊ नका.
- सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या भोकात नीट बसलंय का. नाही बसलं तर अ‍ॅक्सल मागे-पुढे होतो आणि गाडी तिरकी चालते.
- बोल्टच्या साध्या अंगाला अँटीसीझ, म्हणजे बोल्ट गंजून चिकटू न देणारी पेस्ट. पुढच्या वेळी तुम्ही स्वतःचे आभार मानाल.
- चाक पूर्ण खाली लोंबकळत असताना स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून ब्रेक होज आणि एबीएसची वायर ताणते का.
- जुन्या गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलला एक दांडी असते, वजनानुसार मागचा ब्रेक कमी-जास्त करणारी. मागची उंची वाढली की दांडीला गाडी रिकामी वाटते आणि भरलेल्या गाडीतही मागचा ब्रेक कमी लागतो. तिचा ब्रॅकेट नव्या उंचीला जुळवून घ्या.

त्याच दिवशी अलाइनमेंट करा, आधीचा आणि नंतरचा कागद दोन्ही मागा. उंची वाढली की कॅस्टर कमी होतो, स्टिअरिंग वळणानंतर आपणहून सरळ येत नाही. "टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) जुळला, झालं" म्हणून फक्त एकच आकडा दिला तर मान्य करू नका, टो, कॅम्बर, कॅस्टर हे तिन्ही आकडे कागदावर हवेत. मग हेडलाइट खाली करा. समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने शिव्या दिल्यावर नको.

१०. नंतरचे पाचशे किलोमीटर आणि खारं पाणी

पहिल्या ५० किलोमीटरनंतर चाकांचे नट आणि सगळे दिसणारे बोल्ट. ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत टॉर्कने, आणि पहिली भरलेली फेरी झाली की पुन्हा एकदा. नव्या पाट्यांचे थर एकमेकांवर बसतात तसे यू-बोल्ट सैल पडतात. सैल यू-बोल्टने सेंटर बोल्ट तुटतो, आणि तो तुटला की अ‍ॅक्सल जागा सोडतो. हजार किलोमीटरला उंची परत मापा. नवे पाटे ५ ते १० मि.मी. बसले तर काळजी नाही. एकच बाजू बसली असेल तर बिल घेऊन दुकानात जा.

वेग पकडताना ४०–६० दरम्यान खालून थरथर येत असेल तर प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडलाय. सेंटर बेअरिंगला पॅकिंग द्यावं लागेल. थरथर सवयीची करून घेऊ नका, बेअरिंग जातं.

आणि गंज. जेटी, फेरीबोट किंवा खाडीकाठ झाला की खालून गोड्या पाण्याने धुवा. किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरींचं पाणी मचूळ असतं. त्याने धुतलं तर मीठ आणखी वाढतं. प्रेशर गनचं तोंड शॉकअपच्या सीलवर आणि बॉल जॉइंटच्या टोपीवर धरू नका. पाटे आणि आर्मवर पावसाआधी मेणाचं कोटिंग मारा, पण रबराला लागू देऊ नका. पाट्यांच्या मधल्या पृष्ठांना रंग नको, तो भुगा होऊन अडकतो. मध्ये नायलॉनच्या पट्ट्या असतील तर ग्रीसही नको.

मासळी नेत असाल तर हौद्याच्या पाणी जाण्याच्या भोकांखाली वाकून बघा. बर्फ वितळून निघालेलं खारं पाणी बऱ्याच गाड्यांत थेट मागच्या पाट्यांवर आणि यू-बोल्टवर टपकतं, तेही रोज. भोकाला एक-दीड फुटाचा रबरी पाइप लावून तो चाकाच्या मागे, पाट्यांपासून दूर सोडा, क्लिपने चेसिसला बांधा आणि त्याला मातीचा बोळा बसला नाही ना, हे दर आठवड्याला बघा.